जीएसटीचे पैसे बँकेतून गेले, पण पोर्टलवर दिसत नाहीत: काय, कुठे आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

दर महिन्याची २० तारीख, म्हणजे जीएसटी रिटर्नची शेवटची तारीख, जवळ आली की करसल्ल्याचं काम करणाऱ्या आम्हा लोकांना ठरावीक फोन सुरू होतात. हार्डवेअरवाले असोत, बेदाण्याचे व्यापारी असोत की ट्रान्सपोर्टवाले, वाक्य एकच असतं: "पैसे गेले, पण पोर्टल अजून भरा म्हणतंय. दुसरं चलन काढू का?"

थांबा. दुसरं चलन काढू नका, निदान आत्ताच नको. दहातल्या बहुतेक वेळा पैसे हरवलेले नसतात. ते बँक आणि पोर्टल यांच्यामध्ये कुठेतरी थांबलेले असतात, किंवा पोर्टलवर आलेले असतात पण भलत्याच रकान्यात बसलेले असतात, किंवा अगदी जागच्या जागी असतात आणि फक्त तुम्ही त्यांना हात लावायचा राहिलेला असतो. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. म्हणून आधी लक्षण ओळखायचं.

लक्षणं

तुमची तक्रार यांतली कोणती आहे ते बघा.

१. खात्यातून रक्कम वजा झाली, पण चलनाची स्थिती 'पेड' नाही. 'इनिशिएटेड' किंवा 'फेल्ड' दाखवतंय.

२. स्थिती 'अवेटिंग बँक कन्फर्मेशन' वर अडकली आहे.

३. बँकेतून एनईएफटी किंवा आरटीजीएस केलं, यूटीआर नंबर (बँकेने दिलेला व्यवहार क्रमांक) हातात आहे, तरी कॅश लेजर (पोर्टलवरचं तुमचं रोख खातं) शून्य. किंवा एक-दोन दिवसांनी तीच रक्कम गुपचूप खात्यात परत आली.

४. चलन 'पेड', कॅश लेजरमध्ये शिल्लकही दिसते, पण जीएसटीआर-३बी (ज्यातून कर भरला जातो ते रिटर्न) च्या पेमेंटच्या पानावर 'अ‍ॅडिशनल कॅश रिक्वायर्ड' मध्ये अजून आकडा आहे.

५. क्रेडिट (खरेदीवर आधीच भरलेल्या कराची वजावट) लाखभर पडून आहे, तरी पोर्टल रोख मागतंय.

६. कॅश लेजरमधूनही पैसे गेले, पण रिटर्न 'नॉट फाइल्ड', आणि उशिराचा मेसेज आलाय.

पहिली तीन लक्षणं बँकेच्या बाजूची. उरलेली तीन पोर्टलच्या बाजूची, आणि माझ्याकडे येणाऱ्यांत तीच जास्त. गंमत म्हणजे त्या तिन्हींत बँकेचा काही दोष नसतो, पण शिव्या बँकेलाच बसतात.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा

चलन भरणं म्हणजे कर भरणं नव्हे. पीएमटी-०६ चलनाने पैसे तुमच्या इलेक्ट्रॉनिक कॅश लेजरमध्ये जमा होतात, एवढंच. फास्टॅगचं रिचार्ज केलं म्हणजे टोल भरला असं होत नाही, तसंच. कर भरला जातो तो रिटर्नमध्ये ती रक्कम देण्याशी वळती करून रिटर्न फाइल केल्यावर. हे एक वाक्य समजलं की खालचं निम्मं काम सोपं होतं.

आणि चार नंबर ओळखता आले पाहिजेत. सीपीआयएन हा १४ अंकी नंबर चलन तयार होताच पोर्टल देतं. तो मिळाला याचा अर्थ फक्त चलन निघालं, पैसे गेले असा नाही. सीआयएन हा १७ अक्षरांचा: तेच १४ अंक आणि पुढे बँकेचा तीन अक्षरी कोड. पैसे सरकारच्या खात्यात जमा झाल्यावरच तो तयार होतो. बीआरएन हा बँकेच्या व्यवहाराचा नंबर, आणि एनईएफटी-आरटीजीएसमध्ये यूटीआर. फोनवर "नंबर आहे ना माझ्याकडे" असं कोणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, कोणता? सीआयएन असेल तर पैसे पोचलेत. फक्त सीपीआयएन असेल तर अजून काहीच सिद्ध झालेलं नाही.

तपासणी १: बँकेचं स्टेटमेंट, एसएमएस नव्हे

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. नेटबँकिंगला जाऊन खात्याचा उतारा उघडा. रक्कम खरोखर वजा झाली आहे का, की नुसती अडवून ठेवली आहे? वजा होऊन पुन्हा जमा झाली आहे का? मेसेज वजावटीचा येतो, परतीचा कधीकधी येत नाही किंवा इतर मेसेजच्या गर्दीत दिसत नाही. परत आली असेल तर विषय संपला, नवं चलन काढायला हरकत नाही.

रक्कम वजा असेल तर त्या नोंदीतला बीआरएन किंवा यूटीआर लिहून घ्या. पुढे प्रत्येक ठिकाणी हाच विचारतात.

तपासणी २: चलनाची स्थिती

पोर्टलवर लॉगिन न करताही हे बघता येतं: 'सर्व्हिसेस' मध्ये 'पेमेंट्स', त्यात 'ट्रॅक पेमेंट स्टेटस'. जीएसटीआयएन (तुमचा जीएसटी नोंदणी क्रमांक) आणि सीपीआयएन टाकायचा. लॉगिन केलंत तर 'चलन हिस्टरी' मध्ये सगळी चलनं एकाखाली एक दिसतात, आणि मी तेच सुचवीन. कारण तिथे कळतं की एकाच रकमेची दोन-तीन चलनं निघाली आहेत आणि तुम्ही स्थिती बघताय ती भलत्याच चलनाची. दुकानात मालकाने एक चलन काढायचं, हिशेबनिसाने दुसरं, हे नेहमीचंच.

जीएसटीआयएनही नीट वाचा. दोन राज्यांत नोंदणी असणाऱ्यांचा पॅन एकच, त्यामुळे नंबरांचा मधला भाग सारखाच दिसतो. पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. कोल्हापूर आणि पणजी दोन्हीकडे गोदाम असलेल्यांनी इथे डोळ्यांत तेल घालावं.

आता स्थितीचा अर्थ.

'अवेटिंग बँक कन्फर्मेशन' बहुतेक वेळा चालू खात्याच्या कॉर्पोरेट नेटबँकिंगमध्ये येतं, जिथे एकाने व्यवहार टाकायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा असतो. टाकणारा टाकून मोकळा झाला, मंजूर करणारा भागीदार लग्नाला गेलाय. बँकेला दोष देण्याआधी भागीदाराला फोन करा. मंजुरी झाली की पैसे जातात.

'अवेटिंग बँक क्लिअरन्स' म्हणजे काउंटरवर दिलेला चेक किंवा डिमांड ड्राफ्ट अजून वटायचा आहे.

'एक्सपायर्ड' म्हणजे चलनाचे १५ दिवस संपले. सीपीआयएनची मुदत तेवढीच. त्या चलनावर आता पैसे भरायचे नाहीत, नवं काढायचं.

'इनिशिएटेड' किंवा 'फेल्ड' आणि खात्यातून पैसे वजा: इथे २४ तास थांबायचं. नेटबँकिंगचा व्यवहार झाला पण बँकेच्या पानावरून पोर्टलवर परत येताना नेट गेलं, कोणी 'बॅक' दाबलं किंवा पान बंद केलं, की बँकेचा होकार पोर्टलपर्यंत पोचत नाही. बँक आणि पोर्टल यांची आपसातली पडताळणी नंतर होते आणि बरीचशी अडकलेली चलनं तेव्हाच आपोआप 'पेड' होतात. २० तारखेच्या संध्याकाळी सगळा महाराष्ट्रच पोर्टलवर बसलेला असतो, तेव्हा हे फार होतं.

थांबायला जीव होत नाही, कळतं. पण कायद्याची एक सोय लक्षात घ्या: सरकारच्या खात्यात ज्या तारखेला रक्कम जमा झाली तीच जमा तारीख धरतात, तुमच्या लेजरमध्ये ती कधी दिसली ती नव्हे. २० तारखेला जमा झालेली रक्कम २२ला दिसली तरी तारीख २०च. शिवाय १० जुलै २०२४ पासून नियम ८८बी मध्ये आणखी एक दिलासा आहे. देय तारखेपर्यंत कॅश लेजरमध्ये आलेली आणि वळती करेपर्यंत तिथेच राहिलेली रक्कम व्याजाच्या हिशेबात धरत नाहीत. रिटर्न उशिरा गेलं तर लेट फी मात्र लागते.

तपासणी ३: एनईएफटी, आरटीजीएस आणि काउंटर

हा भाग जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे कितीतरी व्यापाऱ्यांची खाती नागरी सहकारी बँकांत असतात. त्यांतल्या बहुतेक बँका पोर्टलच्या नेटबँकिंग यादीत नसतात. मग मार्ग उरतो एनईएफटी-आरटीजीएसचा.

आधी एक गैरसमज दूर करू. काउंटरवर रोख, चेक किंवा ड्राफ्टने भरण्याची मर्यादा एका करकालावधीसाठी चलनामागे १०,००० रुपये आहे. त्यावरून अनेकांना वाटतं की मोठी रक्कम शाखेत जाऊन भरताच येत नाही. येते. चलन काढताना एनईएफटी/आरटीजीएस निवडा, मॅन्डेट फॉर्म (बँकेला पैसे पाठवायला सांगणारा अर्ज) छापा, चेकसोबत आपल्या बँकेत द्या. तिथे १०,००० ची मर्यादा नाही.

काउंटरचं चलन काढताना मात्र बँक निवडावी लागते आणि पैसे त्याच बँकेत भरावे लागतात. चलन एका बँकेचं आणि माणूस रांगेत दुसऱ्या बँकेच्या, हे मी पुष्कळदा पाहिलंय. चेक दिला असेल तर दिल्याची तारीख धरत नाहीत, सरकारी खात्यात जमा झाल्याची धरतात. म्हणून १९ तारखेला चेक देऊन निर्धास्त होऊ नका.

आता एनईएफटीचे पैसे पोचत नाहीत किंवा परत येतात, त्याची कारणं. मॅन्डेट फॉर्म आणि बँकेची पावती शेजारी ठेवा आणि एकेक जुळवा.

लाभार्थीचा खाते क्रमांक म्हणजे सीपीआयएन. एक अंक चुकला तरी रक्कम नाकारली जाते. फॉर्मवरच्या रिझर्व्ह बँकेच्या आयएफएस कोडात पाचवं अक्षर शून्य आहे. हाताने लिहिणारे तिथे इंग्रजी ओ लिहितात.

रक्कम रुपयाला रुपया जुळली पाहिजे. १८,४०० चं चलन असेल तर १८,४०० च. गोल आकडा आवडतो म्हणून १८,५०० पाठवले तर ते जमा होऊन शिल्लक राहणार नाहीत, सगळेच परत येतील. बँकेचं कमिशन त्याच रकमेतून कापायला सांगू नका, वेगळं द्या.

दोन चलनांची बेरीज करून एकच एनईएफटी चालत नाही. एका सीपीआयएनला एक व्यवहार.

फॉर्मवर छापलेली मुदत बघा. नेटबँकिंगने पाठवणार असाल तर आणखी एक अडचण आहे: दर वेळी सीपीआयएन नवा, म्हणजे लाभार्थीही नवा. नव्या लाभार्थीला पहिल्या काही तासांत मोठी रक्कम पाठवू न देण्याचा नियम बऱ्याच बँकांत असतो. २० तारखेला दुपारी चलन काढणाऱ्याला हा नियम नेमका त्याच दिवशी कळतो. चलन १७-१८ लाच काढून लाभार्थी जोडून ठेवा. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालतं, पण तुमच्या सहकारी बँकेची शाखा चोवीस तास चालत नाही. आरटीजीएसला किमान २ लाख रुपये लागतात, त्याखाली एनईएफटी.

सगळं जुळतंय, पैसे परत आलेले नाहीत, तरी लेजर कोरं? मग 'चलन हिस्टरी' मधून ते चलन उघडा. तिथे यूटीआर टाकून चलनाशी जोडण्याची सोय आहे. ही पायरी बहुतेकांना माहीतच नसते, आणि पुष्कळदा काम इथेच होतं.

यूपीआय आणि कार्डची सोयही आता पोर्टलवर आहे. करभरण्यासाठी यूपीआयची मर्यादा २०२४ मध्ये १ लाखावरून ५ लाख झाली, पण तुमच्या बँकेची स्वतःची मर्यादा कमी असू शकते. कार्डाने भरलं तर वरचं शुल्क तुमच्याच माथी. छोट्या रकमेला यूपीआय बरं, मोठ्याला मी अजूनही नेटबँकिंगच सांगतो.

तपासणी ४: पैसे आलेत, पण कोणत्या रकान्यात?

चौथं लक्षण असलेल्यांनी थेट इथे यावं. 'सर्व्हिसेस', 'लेजर्स', 'इलेक्ट्रॉनिक कॅश लेजर'. वरची एकूण शिल्लक बघून समाधान मानू नका, तपशील उघडा. सीजीएसटी (केंद्राचा), एसजीएसटी (राज्याचा), आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीवरचा) आणि सेस (उपकर) असे चार मुख्य भाग. प्रत्येकात पुन्हा कर, व्याज, दंड, फी आणि इतर असे पाच कप्पे. म्हणजे वीस कप्पे, आणि एका कप्प्यातली रोख आपोआप दुसऱ्यासाठी वापरली जात नाही.

नमुना: सीजीएसटी ९,२०० आणि एसजीएसटी ९,२०० द्यायचे होते. घाईत १८,४०० आयजीएसटीत टाकले. एकूण शिल्लक १८,४०० दिसते, तरी ३बी पूर्ण रक्कम मागतं. लोक इथेच दुसरं चलन काढतात आणि १८,४०० अडकवून बसतात.

उपाय पीएमटी-०९. 'लेजर्स' मध्येच हा फॉर्म मिळतो. एका कप्प्यातून दुसऱ्यात रक्कम हलवायची, फाइल करायचं, लगेच बदल होतो. कोणा अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही, शुल्कही नाही. अट एकच: ती रक्कम अजून लेजरमध्ये असली पाहिजे. एकदा रिटर्नमध्ये वळती झालेली रक्कम पीएमटी-०९ ने हलत नाही.

दुसरा नेहमीचा घोळ लेट फीचा. मागच्या महिन्याचं ३बी उशिरा गेलं असेल तर त्याची लेट फी या महिन्याच्या ३बी मध्ये येऊन बसते. दिवसाला ५० रुपये, म्हणजे २५ सीजीएसटी आणि २५ एसजीएसटी. निरंक रिटर्नला दिवसाला २०. तुम्ही फक्त कराचा आकडा भरता आणि मग "दोनशे रुपयांसाठी अडलंय" असा फोन येतो. ते दोनशे 'फी' च्या कप्प्यात हवे असतात, 'टॅक्स' च्या नव्हे.

हे टाळायचं असेल तर चलन वेगळं काढूच नका. ३बी भरत भरत पेमेंटच्या पानापर्यंत जा, क्रेडिट वळतं करा, आणि जी तूट उरेल तिथल्याच 'क्रिएट चलन' बटणाने चलन काढा. आकडे योग्य कप्प्यांत भरलेले येतात. चलनाचा सीपीआयएन निघाला की आकडे बदलता येत नाहीत, म्हणून त्याआधी एकदा वाचा.

तपासणी ५: क्रेडिट असूनही रोख का मागतंय?

याची दोन कारणं असतात.

पहिलं, रिव्हर्स चार्ज. ट्रान्सपोर्टच्या भाड्यावर कर तुम्हाला स्वतःला भरायचा असेल, तर तो रोखच भरावा लागतो. क्रेडिट लेजरमध्ये दोन लाख असले तरी त्यातून चालत नाही. भरल्यावर त्याचं क्रेडिट नियमात बसत असेल तर घेता येतं, पण आधी खिशातून द्यावे लागतात. व्याज आणि लेट फीही रोखच.

दुसरं, क्रेडिट वापरण्याचा क्रम. सीजीएसटीचं क्रेडिट एसजीएसटीला लागत नाही, एसजीएसटीचं सीजीएसटीला लागत नाही. आयजीएसटीचं क्रेडिट मात्र आधी आयजीएसटीच्या देण्याला आणि मग सीजीएसटी-एसजीएसटीत तुम्ही ठरवाल त्या प्रमाणात वापरता येतं, फक्त ते पूर्ण संपवल्याशिवाय बाकीच्यांना हात लावता येत नाही. पोर्टल जी वाटणी सुचवतं ती डोळे झाकून मान्य केली तर कधीकधी सीजीएसटीला रोख लागते आणि एसजीएसटीचं क्रेडिट शिल्लक राहतं. ते आकडे बदलता येतात. कागदावर एकदा मांडून बघा.

तपासणी ६: शेवटचं बटण दाबलंय का?

हसू नका, हे फार होतं. ३बी मध्ये रक्कम वळती झाली, लेजरमधून वजा झाली, "यशस्वी" असा मेसेज आला आणि माणूस लॉगआउट झाला. त्यानंतर 'प्रोसीड टू फाइल' करून ओटीपी किंवा डिजिटल सहीने रिटर्न फाइल करायचं असतं. एआरएन नंबर (रिटर्नची पोच) आला तरच रिटर्न गेलं. नाही आला तर लेट फीचं मीटर चालूच आहे, पुढच्या महिन्याचं जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) ही अडतं, आणि सलग दोन महिने असं झालं तर ई-वे बिल बंद. गाडी भरून उभी आणि बिल निघत नाही, ही वेळ नको.

तिमाही रिटर्न आणि मासिक भरणा योजनेतल्यांसाठी थोडं वेगळं. तुम्ही तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचे पैसे पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत पीएमटी-०६ ने भरता आणि ते लेजरमध्ये तसेच दिसत राहतात. त्यात बिघाड काही नाही. तिमाहीच्या ३बी मध्ये ते वळते होतात, आणि महाराष्ट्र-गोव्यासाठी त्याची तारीख २२. मधल्या काळात "अजून पडूनच आहेत" म्हणून परतावा मागायला जाऊ नका.

तपासणी ७: तक्रार, म्हणजे पीएमटी-०७

२४ तास उलटले, स्टेटमेंटमध्ये रक्कम वजा आहे, परत आलेली नाही, चलन 'पेड' नाही, सीआयएन नाही, यूटीआर जोडूनही उपयोग नाही. आता तक्रार करायची. 'पेमेंट्स' मध्ये 'ग्रीव्हन्स अगेन्स्ट पेमेंट' आहे, तोच पीएमटी-०७. सीपीआयएन, रक्कम, तारीख, बीआरएन किंवा यूटीआर आणि बँकेचा तपशील लागतो. तक्रार क्रमांक जपून ठेवा.

त्याच दिवशी बँकेतही लेखी अर्ज द्या. तोंडी नको. अर्जात नेमका प्रश्न विचारा: "या सीपीआयएनची रक्कम सरकारी खात्यात जमा झाली का? झाली असल्यास सीआयएन द्या, नसल्यास रक्कम परत करा." नुसतं "जीएसटी भरला जात नाही" लिहिलं तर शाखेतला माणूस तुम्हाला पोर्टलकडे पाठवतो आणि पोर्टलची हेल्पलाइन बँकेकडे. पोच घ्या. ३० दिवसांत बँकेने काही केलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते आणि तिथे हीच पोच लागते.

हेल्पलाइनचा नंबर १८००-१०३-४७८६. गुगलवर शोधून मिळालेल्या कुठल्याही मोबाइल नंबरवर फोन करू नका. पैसे अडकलेला माणूस घाईत असतो आणि त्याला ओटीपी विचारणारे टपूनच बसलेले असतात. खरी हेल्पलाइन ओटीपी मागत नाही.

मग दुसरं चलन कधी काढायचं?

तक्रार केल्यावर, आणि हिशेब करून. समजा ६०,००० रुपये अडकलेत आणि निकाल लागायला १२ दिवस लागतील. पैसे सरकारी खात्यात पोचलेच नसतील तर १८ टक्क्यांनी व्याज साधारण ३५५ रुपये, लेट फी ६००, मिळून ९५५. याउलट आणखी ६०,००० आज घातले तर रिटर्न वेळेत जातं, आणि पहिले पैसे नंतर जमा झाले तर पुढच्या महिन्याला वापरता येतात किंवा आरएफडी-०१ ने परत मागता येतात. कॅश लेजरमधल्या जादा शिल्लक रकमेच्या परताव्याला दोन वर्षांची मुदत लागू नाही. रोख हाताशी असेल आणि ई-वे बिलावर धंदा चालत असेल तर मी दुसरं चलन काढा म्हणतो, पण वेगळ्या मार्गाने: नेटबँकिंग अडलं असेल तर एनईएफटी. सीसी (कॅश क्रेडिट) खात्यातून व्याजाने काढून भरणार असाल किंवा पुढच्या महिन्याचं देणं किरकोळ असेल, तर ९५५ रुपये सोसणं स्वस्त.

इथे थांबा आणि सीए किंवा कर सल्लागाराला गाठा

पैसे दुसऱ्याच पॅनच्या जीएसटीआयएनवर गेले असतील. ते तुमच्या हातात राहिलेले नाहीत. ज्याच्या लेजरमध्ये गेले त्याच्या सहकार्याशिवाय निघत नाहीत. त्याच पॅनच्या दुसऱ्या राज्यातल्या नोंदणीवर गेले असतील तर जुलै २०२२ पासून नियमात काही अटींवर सोय आहे, पण तीही सल्लागाराकडूनच करून घ्या.

चुकीच्या रकान्यातली रक्कम रिटर्नमध्ये वापरून झाली असेल. उदाहरणार्थ आंतरराज्य विक्री स्थानिक दाखवून कर भरला. हा पीएमटी-०९ चा विषय नाही, यात परतावा आणि दुरुस्ती दोन्ही येतात.

डीआरसी-०७ ची मागणी (अधिकाऱ्याच्या आदेशाने लागलेलं देणं) आलेली असेल. ती भरायची जागा 'पेमेंट टुवर्ड्स डिमांड' ही आहे. पुष्कळ जण डीआरसी-०३ (आपणहून भरण्याचा फॉर्म) ने भरतात, पैसे जातात आणि मागणी तशीच उभी राहते. ते जुळवण्यासाठी आता डीआरसी-०३ए हा फॉर्म आहे, पण मुळात मागणी मान्य करायची की अपील करायचं हा निर्णय आधी घ्यावा लागतो. अपिलाची मुदत तीन महिने, आणि त्यासाठी वादातल्या कराच्या १० टक्के आगाऊ भरावे लागतात. हे घरी बसून ठरवू नका.

वसुलीची नोटीस आली असेल, बँक खातं गोठवलं असेल किंवा दोनपेक्षा जास्त महिन्यांची रिटर्नं याच गोंधळात अडकली असतील, तरी स्वतः बटणं दाबणं बंद करा.

जाताना बँकेचा त्या आठवड्याचा उतारा, चलनाची प्रत, मॅन्डेट फॉर्म, कॅश लेजरचा तपशील, पीएमटी-०७ चा क्रमांक आणि बँकेची पोच घेऊन जा. आणि त्या महिन्यात काढलेल्या सगळ्या चलनांची यादी, रद्द झालेल्यांसकट.